गुडघ्याची वाटी

2023 सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. सकाळची सहाची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या मागील दाराने निवासाकडे निघालो होतो. रात्रभर पावसाने झोडपले होते. त्या दारास तीन पायऱ्या आहेत. दर पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते आणि दर पावसाळ्यात त्या घासून घेण्याविषयी आम्ही सांगत असतो. त्या वर्षी सांगावयाचे राहून गेले. एका हातात छत्री होती, दुसऱ्या हातात मिस्सांच्या हेतूंची वही. वही भिजू नये म्हणून ती छातीशी धरलेली. त्यामुळे टेकावयास एकही हात मोकळा नव्हता. उजवा पाय सरकला आणि डावा गुडघा पायरीच्या कडेवर आदळला. सुका नारळ फोडताना होतो तसा आवाज झाला. वही मात्र कोरडी राहिली.

एक्स-रेमध्ये गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे आमच्यासारख्या अडाण्यासही दिसत होते. मांडीच्या स्नायूने वरचा तुकडा वर ओढून नेला होता आणि मधे करंगळी मावेल एवढी फट पडली होती. शस्त्रक्रिया झाली. दोन बारीक सळया आणि त्यांभोवती आठच्या आकड्यासारखी गुंफलेली तार, अशा बंदोबस्तात आमची वाटी पुन्हा एक झाली. घरी पाठवताना डॉक्टरांनी औषधांची चिठ्ठी दिली. एक साधी गोळी दिवसातून तीनदा नेमाने घ्यावयाची, एक सुजेवरची पाच दिवस आणि एक जरा कडक गोळी, फारच दुखल्यास. "दोन आठवड्यांनी टाके काढू आणि मग गुडघा वाकवायला सुरुवात. खरं काम तेव्हा आहे," असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्याकडे आम्ही फारसे लक्ष दिले नाही. शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम झाले, अशीच आमची समजूत होती.

चौथ्या दिवशी आम्ही सर्व गोळ्या बंद केल्या.

का, ते सांगावयास हवे, कारण या लेखाचे प्रयोजन तेच आहे. गोरेगावच्या सेमिनरीत असताना दुःखाविषयी आम्ही बरेच शिकलो होतो. 11 फेब्रुवारी 1984 रोजी पोपमहोदय दुसरे जॉन पॉल यांनी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी प्रेषितीय पत्र लिहिले होते. ते आमच्या हाती ताजे ताजे पडले होते. ख्रिस्ताच्या क्लेशांत आपले क्लेश मिळवता येतात, हा त्यातील विचार आम्हांस अतिशय भावला. पुढे धर्मगुरू झाल्यावर आजाऱ्यांच्या खाटेशी बसून तो आम्ही शेकडो वेळा सांगितला. वधस्तंभावर चढवण्यापूर्वी प्रभूला बोळमिश्रित द्राक्षारस देऊ केला असता त्याने तो घेतला नाही, हे मार्कच्या शुभवर्तमानातील वर्णन तर आमच्या उपवासकाळातील प्रवचनांत दरवर्षी येई. आता पाळी आमची होती. लोकांस जे सांगितले ते स्वतः करून दाखवावे, असे वाटणे स्वाभाविक होते.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली होती. "आपले फादर गोळीसुद्धा घेत नाहीत" ही वार्ता आठवड्याभरात धर्मग्रामात पसरली. भेटावयास येणारी माणसे आमच्या खाटेपाशी जरा हळू आवाजात बोलू लागली. ते आम्हांस आवडले. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण आवडले हे खरे.

टाके निघाले आणि फिजिओथेरपीसाठी एक तरुण डॉक्टर आठवड्यातून तीनदा निवासावर येऊ लागल्या. वय सव्वीस-सत्तावीस, बोलणे नेमके, हातात कोन मोजण्याची प्लॅस्टिकची पट्टी. पलंगावर प्लॅस्टिकचा कागद अंथरून, त्यावर पावडर टाकून टाच मागे सरकवावयाची, हा पहिला व्यायाम. वाचकांपैकी ज्यांचा गुडघा धड आहे त्यांस हा पोरखेळ वाटेल. आम्हांस टाच इंचभर सरकवताना घाम फुटे. डॉक्टरबाई हलकेच हात लावून आणखी थोडे वाकवू पाहत आणि आमची मांडी आपोआप ताठ होई. आम्ही दात-ओठ आवळून मनातल्या मनात जपमाळेचे एक दशक म्हणत असू. तोंडातून आवाज काढत नसू. तीन आठवडे असेच गेले. सहाव्या आठवड्यात पट्टीवर 35 अंश भरले.

35 अंशांत माणसाला काय करता येते? खुर्चीत बसता येते, पण पाय समोर काठीसारखा पुढे काढून. जिना चढण्यास सुमारे 85 अंश लागतात, खुर्चीतून सरळ उठण्यास 90-95, आणि आपल्याकडील मांडी घालण्यास तर 120 च्या पुढे. शल्यविशारदांनी तपासून स्पष्ट सांगितले, "असंच राहिलं तर हाड पक्कं जुळल्यावर भूल देऊन सांधा मोकळा करावा लागेल. आतून जाळं धरतंय. आणि तसं करताना वाटी पुन्हा मोडण्याचा धोका असतो."

त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरबाईंनी पट्टी बाजूला ठेवली आणि विचारले,
"फादर, गोळी किती वाजता घेतलीत?"
"घेतली नाही."
"आज घेतली नाही, की घेतच नाही?"
"घेत नाही. आम्हांस सोसवते."
"तुम्हांला सोसवत असेल, पण गुडघ्याला नाही सोसवत. मी वाकवायला जाते आणि तुमची मांडी दगड होते. तुम्ही ओरडत नाही, एवढंच. शरीर ओरडतंच आहे."

मग त्यांनी जे समजावले ते आमच्या शब्दांत असे. सांध्यात सूज आणि वेदना असली की शरीर मांडीच्या पुढच्या स्नायूचे काम बंद पाडते आणि मागचे स्नायू सांध्याला आवळून धरतात. यात इच्छाशक्तीचा संबंध नसतो. अशा आवळलेल्या सांध्यावर कितीही निर्धाराने व्यायाम केला तरी तो होतच नाही. होते ती झटापट. गोळीचा उपयोग वेदना साफ नाहीशी करण्यासाठी नसतो. ती अशा पातळीवर आणावयाची असते की शरीराने भिऊन दार लावून घेऊ नये. तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासात जे वाकते ते आपले. न वाकलेल्या सांध्यात रोज थोडे थोडे जाळे धरत जाते, आणि ते कोणाच्याही पुण्याईने विरघळत नाही. (हे शेवटचे वाक्य आमचे आहे, त्यांचे नव्हे.)

आम्ही "बरे, बघू" म्हणालो. बघण्याचा विचार नव्हता.

त्याच आठवड्यात आमच्या आधीच्या धर्मग्रामातून एक मावशी आम्हांस भेटावयास आल्या. सोबत सून होती. उन्हाळ्यात करून ठेवलेल्या सुकेळ्यांचा पुडा त्यांनी डाव्या हाताने टेबलावर ठेवला. पुढे जे लिहितो ते त्यांच्या परवानगीने. नाव देत नाही.

2016 साली त्यांच्या उजव्या स्तनाची कर्करोगावरील शस्त्रक्रिया झाली. काखेतील गाठीही काढल्या आणि नंतर किरणोपचार झाले. तेव्हा आम्ही तेथे प्रमुख धर्मगुरू होतो. इस्पितळातून त्या घरी आल्यावर परमप्रसाद घेऊन गेल्याचे आम्हांस स्मरत होते. पुढे त्या बऱ्या झाल्या, रोज मिस्सेला येऊ लागल्या. त्यांची एक लकब आमच्या मनात घर करून राहिली होती. क्रुसाची खूण करताना त्या मान खूप खाली लववीत, जणू कपाळच हाताकडे आणीत. आम्हांस ती असाधारण भक्ती वाटे. इतकेच नव्हे, एकदा धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना आम्ही सांगितलेही होते, क्रुसाची खूण कशी करावी ते या मावशींकडून शिका.

निघताना आम्ही प्रार्थना केली. मावशींचा उजवा हात छातीपाशी थांबला आणि कपाळ खाली आले. या वेळी त्या चार हातांवर, समोर बसलेल्या होत्या. हात वर जातच नव्हता.

"मावशी, हात दुखतो का?"
"आता दुखत नाही, फादर. आता जातच नाही वर. सहा-सात वर्षं झाली." मग जरा थांबून, अगदी सहजपणे त्या म्हणाल्या, "तुम्हीच नाही का सांगितलं होतं, दुखणं प्रभूला अर्पण करा म्हणून? मग मी गोळ्या बंद केल्या. म्हटलं, अर्पण करायचं तर पुरतं करायचं. भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिला होता, तो दुखायचा, होईना. तिकडची डॉक्टरीण नंतर रागावली. म्हणाली, गोळी घेऊन केला असतात तर हात राहिला असता. तोवर उशीर झाला होता."

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पावसाविषयी बोलावे तसे त्या बोलल्या. उंबऱ्याशी त्यांनी मागे वळून विचारले, "तुम्ही घेता ना गोळ्या?"

आम्ही काही उत्तर दिले नाही. त्या रात्री जेवणानंतर आम्ही पाकीट शोधून काढले.

पलंगाला खिळलेल्या माणसापाशी वेळ पुष्कळ असतो. त्या दिवसांत आम्ही सेमिनरीतील जुनी पाने पुन्हा काढली. पोपमहोदयांचे ते 1984 चे पत्र प्रथमपासून अखेरपर्यंत वाचले आणि ध्यानात आले, की आम्ही इतकी वर्षे त्याचा अर्धाच भाग सांगत होतो. पत्राचा शेवट चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर आहे. दुःखाने इतरांचे भले करावे, हे तेथे आहे. पण दुःखी माणसाचे भले करावे, त्याचे दुःख हलके करावे, हेही त्याच श्वासात सांगितले आहे. शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूस, तुझे दुःख अर्पण कर, असा उपदेश केला नव्हता. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. सराईवाल्यास दोन नाणी दिली आणि पुढे अधिक खर्च झाल्यास परतताना देण्याची हमी घेतली. आजवर हा शेवटचा तपशील आम्ही प्रवचनात घाईने उरकीत असू. जखम बांधल्यानंतरच्या आठवड्यांचीही काळजी त्या माणसाने केली होती, हे गुडघा मोडेपर्यंत आम्हांस दिसले नाही.

त्याहून जुनी गोष्ट 1957 ची. भूलतज्ज्ञांनी विचारलेल्या तीन प्रश्नांना त्या वर्षी 24 फेब्रुवारी रोजी पोपमहोदय बारावे पायस यांनी उत्तरे दिली होती. वेदना दूर करणारी औषधे घेण्यास ख्रिस्ती माणसास सर्वसाधारणपणे काही अडकाठी नाही. कोणी स्वखुशीने वेदना स्वीकारू शकतो, पण ती सर्वांवर लादलेली सक्ती नव्हे. वेदना माणसास अधिक चांगल्या कामापासून रोखूही शकते. असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. म्हणजे ख्रिस्तसभेने हा प्रश्न आमच्या जन्माआधीच सोडवून ठेवला होता. मार्कने सांगितलेला नाकारलेला द्राक्षारस आम्ही लोकांस सांगितला. पण गेथशेमानी बागेत त्याच प्रभूने हा प्याला टळावा अशी विनवणी केली होती, आणि योहान सांगतो त्याप्रमाणे अखेरच्या घटकेस आंब घेतली होती. ते सांगावयास आम्ही विसरलो.

लोयोलाचे संत इग्नेशियस यांचा दाखलाही आम्ही बरेचदा देत असू. 20 मे 1521 रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. हाड वाकडे बसले म्हणून पुन्हा मोडून बसवले, तरी गुडघ्याखाली एक टोक वर राहिले, तेही कापून काढले. हे सर्व भूल नसताना, कारण ईथरची भूल निघाली 1846 साली. मुठी आवळण्यापलीकडे त्यांनी काही केले नाही. केवढे हे संताचे धैर्य, असे आम्ही म्हणत असू. पण तेव्हा ते संत नव्हतेच. हाडाचे ते टोक त्यांनी कापून घेतले ते तंग बूट नीट बसावेत म्हणून, आणि ही गोष्ट त्यांनीच पुढे आपल्या आत्मकथनात मोकळेपणाने सांगितली आहे. जे सोसले ते ऐटीसाठी. परिवर्तन झाले ते पुढे, बिछान्यात पडून ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे वाचताना. हे वाचून आम्हांस आमच्या खाटेभोवतीचे ते हळू आवाज आठवले.

आणखी एक आठवण बोचत राहिली. 1986 साली वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झाले, कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठीचे भारतातील पहिले सदन. सेमिनरीत असताना आम्ही तेथे सेवेस जात असू. दुखू लागल्यावर नव्हे, दुखण्याआधीच, घड्याळ लावून औषध द्यावयाचे, हे आम्ही तेथे डोळ्यांनी पाहिले होते. पण ती मरणाऱ्यांसाठीची दया आहे, अशी काहीतरी नोंद मनाने करून ठेवली असावी. बरे होणाऱ्या माणसास ती लागू आहे, हे सुचले नाही.

असो. आमच्या रोजच्या क्रमाविषयी दोन शब्द लिहितो, कारण घरोघरी कोणी ना कोणी गुडघा, खुबा अथवा खांदा सांभाळीत बसलेले असते. डॉक्टरांनी नव्याने आखून दिल्याप्रमाणे साधी गोळी वेळेवर, दुखो वा न दुखो. व्यायामाची वेळ गोळीनंतर पाऊण तासाने. कडक गोळी फक्त पहिले दहा दिवस. तिने मळमळे आणि पोट जड होई, म्हणून आम्हीच ती कधी सुटते याची वाट पाहत होतो. सवय लागण्याची जी भीती लोक बोलून दाखवतात, ती थोड्या दिवसांच्या, डॉक्टरांनी मोजून दिलेल्या औषधास सहसा लागू नसते. मात्र मेडिकलच्या दुकानातून आपणच आणलेल्या सुजेवरच्या गोळ्या महिनोन् महिने खाणारी माणसे आमच्या ओळखीची आहेत. त्यांपैकी काहींची मूत्रपिंडे बिघडली, काहींच्या पोटात व्रण झाले. साधी गोळीही प्रमाणाबाहेर घेतल्यास यकृतास अपाय करते. तेव्हा कोणी आमच्या नावावर चिठ्ठी फाडू नये.

व्यायामानंतर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे. पाय उशीवर, छातीहून उंच. गुडघ्याच्या बाजूंस हाताने हळूहळू चोळणे. चोळल्याने बरे का वाटते, याचे एक स्पष्टीकरण 1965 साली मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडले: मज्जारज्जूत जणू एक फाटक असते आणि स्पर्शाची संवेदना आधी आत शिरली की वेदनेस वाट अरुंद होते. आपल्या आयांना शास्त्र ठाऊक नव्हते, पण पडलेल्या मुलाचा गुडघा त्या प्रथम चोळीत.

डॉक्टरबाईंनी एक वही घालावयास सांगितली. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. रोज सकाळी, व्यायामाच्या वेळी आणि निजताना आकडा लिहावयाचा. प्रथम आम्ही लबाडी केली, सातच्या जागी चार लिहिले. त्यांनी आमच्या कपाळावरील घाम पाहिला आणि पेन्सिल पुन्हा हातात दिली. पापनिवेदन ऐकण्याचा तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसास स्वतःचा आकडा खरा सांगावयास पंधरा दिवस लागले. नियम साधा होता. व्यायामात आकडा पाचापर्यंत चढला आणि तासाभरात उतरला तर योग्य. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर काल जास्त झाले. वेदना पूर्ण गेली नाही. व्यायाम करताना दुखतच होते, पण आता त्या दुखण्यात पाय हलत होता. दहाव्या आठवड्यात 70 अंश भरले, चौदाव्यात 95. रात्रीची झोप लागू लागली तशी प्रार्थनाही होऊ लागली. पूर्वीच्या त्या दात आवळून म्हटलेल्या दशकांत आम्ही प्रभूचा विचार फार थोडा केला होता. विचार होता तो गुडघ्याचा आणि आपण कसे सोसतो याचा.

रिक्षात बसण्याइतका गुडघा वाकला तो नोव्हेंबरात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही काठी घेऊन निघालो ते थेट मावशींच्या घरी. खाचखळग्यांतून पाऊण तास. ओटीवर खुर्ची दिली, तीत बसलो. काय बोलावयाचे ते वाटेत तीनदा जुळवले होते, त्यातील काहीच आठवेना. "मावशी, आमचे चुकले" एवढेच म्हणालो. धर्मगुरूने क्षमा मागावी याचा त्यांना संकोच झाला. "तुम्ही काय मुद्दाम केलंत, फादर?" असे म्हणून त्या आत चहा टाकावयास गेल्या. चहा सुनेने आणला. मावशी बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आल्या तेव्हा आम्ही सांगितले, की आमच्या डॉक्टरबाईंच्या मते इतक्या वर्षांनीही थोडेफार मिळू शकते, पूर्ण नाही. आपल्या डॉक्टरांस विचारून, गोळी घेऊन, हळूहळू पाहावे. त्या हसल्या. "तेव्हा तुमचं ऐकलं. आता तिचं ऐकून बघते."

ओटीच्या भिंतीवर आता सुनेने पेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत. खालची 2024 च्या जानेवारीतली, वरची त्याच वर्षीच्या पावसाळ्यातली. दोहोंत चार बोटांचे अंतर. हात हनुवटीपर्यंत येतो, कपाळापर्यंत नाही. आमचा गुडघा 115 वर थांबला आहे. तारेचे टोक आत टोचते म्हणून तो टेकता येत नाही, आणि वेदीसमोर आम्हीही आता केवळ मान लववतो.

मागच्या भेटीत निघावयास उठलो, तेव्हा काठी चाचपताना आमचा चेहरा वेडावाकडा झाला असावा. मावशी दारातून म्हणाल्या, "फादर, एवढ्या लांब रिक्षातून आलात, निघताना गोळी घेतली होती का?"

घेतली नव्हती. सून पाणी आणावयास आत गेली.